कोरड्या जागा

रस्ता धुवायचा, एवढंच तर काम होतं. पाणीवाल्या काकांनी चढाकडून पाईप मारायचा आणि झाडूवाल्या ताईने मागून खराट्याने पाणी गटाराकडे लोटत न्यायचं. कुठे कोरडं राहिलं की मुकादमाच्या शिव्या खायच्या. रोजचंच की ते! आज मात्र रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांना कुलपं, खिडक्या बंद, आणि कचेरीच्या फाटकाशी बंदुका घेतलेले शिपाई.

काल इथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. परक्या सरकारने आता चालतं व्हावं, असं सांगायला सगळं गाव कचेरीपुढे येऊन बसलं होतं. ना हातात दगड, ना काठी. मार खायचा, हात उचलायचा नाही, आणि जागचं हलायचं नाही, एवढाच त्यांचा नेम. आधी लाठ्या चालल्या, मग गोळ्या. मग झाकलेल्या लॉऱ्या आल्या आणि गेल्या. दिवेलागणीला सरकारी भोंगा गल्लोगल्ली ओरडत फिरला, "जमाव पांगला. कोणीही दगावलेलं नाही."

अहो, कोणी दगावलं नाही, तर ताईची धाकटी बहीण घरी का आली नाही? इस्पितळात नाही, तुरुंगात नाही. आई दाराशी बसून होती, पाण्याचा घोट घेत नव्हती. ताई स्वतः काल आली नव्हती. सरकारी नोकरी ना तिची! "घोषणांनी पोट भरतं का गं?" म्हणून ती धाकटीवर खेकसली होती. धाकटी हसली होती नुसती. "तू झाड त्यांचं अंगण. आम्ही बसतो तिथे." ते हसू आठवलं की ताईच्या काळजात चर्र होत होतं.

पाईप फुसफुसला. फिनेलचा उग्र वास पसरला, आणि त्याच्या तळाशी आणखी एक वास होता. तो कसला, हे ताईने मनातसुद्धा म्हटलं नाही.

"काका, कोरडं राहिलं इथे. डोळे गहाण टाकलेत का?"

काकांनी पुन्हा पाणी मारलं. पाणी आलं, त्या जागेला वळसा घालून दोन्ही अंगांनी निघून गेलं. उंचवटा म्हणावा तर नाही, तेल सांडलंय म्हणावं तर तेही नाही. ताईने खराट्याने पाणी लोटून पाहिलं. ते कडेपर्यंत आलं आणि थबकलं.

त्याच्या शेजारी आणखी एक जागा तशीच. मग आणखी एक. मांडी घातलेल्या माणसाला लागते तेवढीच. ओळीने, फाटकापर्यंत...

काकांनी पाईप खाली केला. "ताई... उठलीच नाहीत गं ही माणसं..."

"गप बसा, काका."

पण तिचे पाय आपोआप पुढच्या ओळीकडे निघाले होते. फाटकासमोरच्या एका कोरड्या जागेतून एक लांबट पट्टा पुढे आला होता. धाकटीचा एक गुडघा लहानपणापासून दुमडत नसे. एक पाय लांब सोडूनच बसायची बया, आणि घरात येता-जाता सगळे त्या पायाला अडखळून तिलाच शिव्या घालायचे. ताईने खाली बसून तिथल्या धुळीवर तळवा टेकवला. धूळ कोमट होती. मग मात्र तिला आवरेना. ती हमसून हमसून रडली.

"काय तमाशा आहे?" फौजदार तरातरा आला. "साहेबांची गाडी येईल आता. धू ते!"

"धुतलं जात नाही."

त्याने काकांच्या हातातून पाईप हिसकला आणि स्वतःच धार सोडली. ताई नखशिखांत भिजली. शेजारी धुळीचा कणही हलला नाही. फौजदाराने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि पाईप टाकून दोन पावलं मागे सरला.

ताईने डोळे पुसले. खराटा गटारात भिरकावला आणि त्या जागेला खेटून ऐसपैस मांडी घातली.

"ऊठ! जमावबंदी आहे!"

"ही उठली की मी उठते."

"ही कोण? इथे कोणी मेलेलं नाही!"

"नाही ना मेलं?" ताई म्हणाली. मान ताठ होती. "मग उठवा की हिला."

काकांनी निमूटपणे पाण्याचा नळ बंद केला आणि कंबर धरून, कण्हत-कुंथत, तेही शेवटच्या ओळीमागे बसले. "फार दिवस उभा राहिलो बाबा या साहेबांसाठी," म्हणाले.

"उचला तिला!" फौजदार ओरडला.

दोन शिपाई पुढे झाले. ताई म्हणजे नुसती काडी, एका हाताने उचलावी. एकाने डावा दंड धरून ओढला, त्या अंगाने ती वर आली. दुसऱ्याने उजवा धरला. ओढला. पाय रोवून पुन्हा ओढला. त्याला घाम फुटला.

"साहेब..." तो पुटपुटला, "हिचा हात..."

"काय झालं हाताला?"

"धरलाय... कोणीतरी धरून ठेवलाय..."

"सोडू नकोस गं," ताई शेजारच्या कोरड्या जागेला म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या गल्लीत एका दाराची कडी निघाली. एक बाई उंबऱ्याबाहेर आली आणि थेट रस्त्याकडे चालू लागली. आणि त्या रिकाम्या रस्त्यावर, पार मागच्या टोकापर्यंत, कपड्यांची सळसळ झाली. तिला जागा द्यायला सगळे जण जरासे सरकून बसले होते.