बुडालेल्या लाँचची जागा

हवावाल्या ताईचं कुणी ऐकलं नाही. बंदराच्या साहेबानं नाही, पोलिसानं नाही, आणि ज्याच्यासाठी ती ऊर फुटेस्तोवर धावली त्या सख्ख्या भावानं तर मुळीच नाही. बाई रात्रीची एकटी असते, मशीनच्या आवाजानं डोकं भणभणलं असेल, असं म्हणून सगळे मोकळे झाले. बाईच्या जागी एखादा बाप्या असता तर त्याला खुर्ची देऊन पुन्हा पहिल्यापासून विचारलं असतं, ते सोडा.

ऐकलं फक्त होडीवाल्या काकांनी. आता दिवे लागले की नवी पोरं धक्क्यावर पाय सोडून बसतात आणि विचारतात, "काका, खाली बुडालेल्या बोटी कुठे कुठे आहेत, सांगा की." काका जागा सांगत नाहीत. ही गोष्ट सांगतात. खरी म्हणून सांगतात, कारण त्या दिवशी होडी त्यांची होती.

धक्क्याच्या टोकाला ताईची पत्र्याची शेड आहे. काम एकच, पाणबुड्यांच्या सिलिंडरमध्ये हवा भरायची. शिक्षण चौथीपर्यंत. पण पाणबुड्या किती खोल गेला, किती दमला, घाबरला का, हे त्यानं तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. परत आलेल्या सिलिंडरचा काटा बघितला की झालं.

तिचा धाकटा भाऊ पाणबुड्या. सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याचा जोडीदार मास्तर, वयानं मोठा. अर्ध्या बंदराला पाण्याखाली श्वास घ्यायला त्यानंच शिकवलेलं, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दोघांना सप्टेंबरात ती लाँच सापडली. चौतीस वर्षांपूर्वी एका रात्रीत बुडालेली. आत एकसष्ट माणसं होती. एकही हाती लागलं नव्हतं, ना माणूस ना फळी.

मास्तरानं धाकट्याला ताईच्या शेडमध्येच शपथ घातली. जागा दोघांच्या डोक्यात राहील, कागदावर नाही, फोनमध्ये नाही.

"बोभाटा झाला की महिन्याभरात लोक तिला सोलून खातील, ताई," मास्तर म्हणाला. "पितळ काढतील, दारं काढतील. आतल्या माणसांची हाडं पायाखाली तुडवतील."

"आणि त्या माणसांच्या घरच्यांना?"

"त्यांना सांगितलं म्हणजे साऱ्या जगाला सांगितलं."

बोलणं खोटं नव्हतं. अशा एका बोटीचं सुकाणू हॉटेलच्या भिंतीला टांगलेलं ताईनं स्वतः पाहिलं होतं, आणि खाली लोक चहा पीत होते. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. निघताना दोघं फोन तिच्या खणात टाकायचे. होडीवाल्या काकांना सोबत घेत नसत. लांबचा वळसा घालून जायचे.

"म्हणजे तुम्ही पाण्यात उतरलात की कुठे आहात हे जमिनीवर एकालाही ठाऊक नाही," ती म्हणाली.

"याला गुपित म्हणतात, ताई."

"याला मूर्खपणा म्हणतात, मास्तर."

मास्तर हसला. धाकटाही हसला. त्याचं हसणं तिला जास्त लागलं.

मग तिनं सिलिंडरवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. दोघं एकाच वेळी उतरायचे, एकाच वेळी वर यायचे. धाकट्याच्या सिलिंडरमध्ये तिसरा हिस्सा हवा उरायची. मास्तराचा जवळजवळ रिकामा. एवढी हवा कुणाला लागते? खाली जड काम करणाऱ्याला. एकदा मास्तराचे हातमोजे वाळत होते, तर बोटांना हिरवा गंज. पितळेचा.

तिनं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला ना स्वच्छ पाण्यातही केस सापडतो."

पण नोव्हेंबरच्या सात तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, तो स्वतःहून शेडमध्ये येऊन बसला.

"आत एक चप्पल बघितली. एवढीशी," त्यानं बोटांनी दाखवलं. "कुणीतरी वाट बघत असेल ना गं? मला नाही झेपत हे गुपित. घरच्यांना कळवायचं म्हणून मास्तरांना सांगितलं मी."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, उद्या एकदा शेवटचं बघून येऊ, मग ठरवू."

"जागा सांग मला."

"शपथ आहे."

"माझी शपथ आहे तुला."

"एक मोडायला दुसरी घालतेस होय?" तो उठला. "सकाळी सहाला निघायचंय. चार सिलिंडर भरून ठेव."

रात्री पावणेअकराला ती सिलिंडर भरायला शेडवर आली. चौथा भरला, कॉम्प्रेसर बंद केला. तो बंद झाला की कान रिकामे होतात. त्या रिकाम्या कानांना आधी ठिबक ऐकू आली.

दारात माणूस उभा होता. खूप उंच. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला. अंगातून पाणी निथळत होतं.

"बंद झालंय," ताई म्हणाली.

"मला शोधायला कुणी निघालं का?"

पिऊन पडला असेल, असं तिला वाटलं. "कुठे हरवला होतास?"

"सांगून गेलो नव्हतो."

"मग कोण कशाला येतंय शोधायला?"

ठिबक. ठिबक.

"एकाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

...

"बाई, तुमचा भाऊ सांगून चाललाय का?"

"माझ्या भावाचं तुला काय?"

"दीपगृह पाण्याच्या टाकीमागे लपलं की थांबायचं. डावीकडे बघायचं. कारखान्याच्या दोन चिमण्या... एकीमागे एक. एकच दिसली पाहिजे. तिथून सरळ खाली."

"काय आहे तिथे?"

...

"मी आहे."

तिनं बॅटरी लावली. दार मोकळं. पुढे होऊन तिनं उंबऱ्यावर हात फिरवला. एवढं पाणी ठिबकलं होतं...

उंबरा कोरडा होता.

पहाटे पाचला तिनं भावाचं दार बडवलं. सगळं सांगितलं. खुणा ऐकल्यावर तो एकदम पांढरा पडला, मग लाल झाला.

"तू आमच्या मागावर होडी पाठवलीस?"

"अरे, तो माणूस..."

"माणूस बिणूस काही नाही. लहानपणीसुद्धा माझं दप्तर उचकायचीस तू!"

त्यानं सिलिंडर उचलले आणि निघून गेला. ती धक्क्यापर्यंत त्याच्या मागे गेली. मास्तर बोटीत बसला होता. त्यानं तिला हात केला. छान हसून.

साडेआठला बोट परत आली. बोटीत एकटा मास्तर.

तो रडत होता. धाकट्याला प्रवाहानं ओढलं म्हणाला. कुठे? दक्षिणेच्या खडकांपाशी. बंदराच्या साहेबांनी शोधाच्या दोन्ही बोटी सोडायला सांगितल्या.

"खडकांकडे नव्हते हे!" ताई ओरडली. तिनं खुणा सांगितल्या. दीपगृह, टाकी, दोन चिमण्या. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

मास्तराचं रडणं थांबलं.

"जागा तुला कुणी सांगितली?" त्यानं विचारलं.

बघा तुम्हीच. जोडीदार पाण्यात राहिलाय, आणि हा विचारतोय जागा कुणी सांगितली.

साहेबांनीही तेच विचारलं. ताईनं रात्रीचं सांगितलं, जसंच्या तसं. धक्क्यावरचा पोलीस फिस्सकन हसला. साहेब म्हणाले, "बाई, जो माणूस आत्ता पाण्यातून आलाय त्याचं ऐकू, की तुमच्या स्वप्नाचं?" बोटी खडकांकडे गेल्या.

होडीवाले काका आपल्या होडीकडे वळले. त्यांनी दोर सोडला. ताई होडीत उडीच मारून बसली.

वाटेत काकांनी एवढंच विचारलं, "किती उंच होता?"

"तुमच्या दारात मावला नसता."

काकांचा हात इंजिनावर थांबला. "सव्वीस वर्षांपूर्वी मास्तराचा पहिला जोडीदार बुडाला. लांब्या म्हणायचो आम्ही त्याला. नऊ दिवस शोधला, सापडला नाही. दक्षिणेच्या खडकांपाशी."

"खडक कुणी दाखवले होते?"

काकांनी इंजिनाचा वेग वाढवला. तिला उत्तर नकोही होतं. सप्टेंबरात सापडलेली लाँच... सव्वीस वर्षं ठाऊक होती मास्तराला.

दीपगृह टाकीमागे गेलं. डावीकडे दोन चिमण्या सरकत सरकत जवळ आल्या. एक झाली. काकांनी इंजिन बंद केलं.

पाणी सपाट. कुणी नाही.

ताईनं हाक मारली. पुन्हा मारली.

मग होडीपासून हातभर अंतरावर पाणी फुगलं, आणि धाकटा वर आला. पालथा. स्वतःहून पोहत नव्हता. कुणीतरी खालून वर द्यावा, तसा आला. काकांनी त्याला आत ओढलं. सिलिंडरचा काटा शून्यावर. ओठ निळे. पण छाती हलत होती. थोडी... पण हलत होती.

दुपारी दवाखान्यात तो शुद्धीवर आला. साहेब जबाब घ्यायला आले. ताई पायाशी, काका दाराशी. बाहेर बाकावर मास्तर, रुमाल हातात घेऊन.

"केबिनमध्ये होतो. दार लागलं. बाहेर कसा आलो, आठवत नाही," धाकटा म्हणाला.

"दार आपोआप लागलं?"

"आपोआपच असेल. प्रवाह होता." ताईकडे त्यानं बघितलंही नाही. "माझीच चूक. आणि हिनं चोरून जागा काढली नसती तर..."

"तर तू मेला असतास, गाढवा," ताई म्हणाली.

साहेब लिहीत होते, अपघात. तेवढ्यात नर्सनं विचारलं, हा रबरी पोशाख कुठे ठेवू, हाताला बोचतोय. तिनं तो पसरून धरला होता. छातीची बाजू वर.

छातीवर पांढरं, खरखरीत काहीतरी उगवलं होतं. जुन्या बोटीच्या बुडाला धरतात ना, ती बारीक कवचं. घट्ट बसलेली. साहेबांनी नखानं खरवडलं, निघेना. पेनानं खरवडलं, पेन मोडलं.

"हे धरायला किती दिवस लागतात?"

"एवढं जाड?" काका म्हणाले. "वर्ष तरी."

पोशाख नवा होता, साहेबांनाही ते दिसत होतं. पावती ताईकडे होती, तीन आठवड्यांपूर्वीची. पण ती काढायचं तिला भानच नव्हतं. ती त्या कवचांचा आकार बघत होती. एक तळवा. पाच लांब बोटं. खालून वर ढकलताना टेकवतात, तसा.

धाकट्यानं मान वळवून ते पाहिलं. मग ताईकडे पाहिलं, पहिल्यांदाच.

"ताई... तो किती उंच होता म्हणालीस?"

तिनं फक्त त्याचा हात धरला.

साहेबांनी कागद उलटला. बाहेर बाकाचा आवाज झाला, कुणीतरी उठल्यासारखा.

"खरं सांग," साहेब म्हणाले. "केबिनचं दार बाहेरून कुणी लावलं?"

धाकट्याच्या ओठांवर अजून ती शपथ होती. सगळ्यांनी बघितली.

"मास्तर," तो म्हणाला.