काडी अर्धी बाहेर

वखारीच्या मालकांनी मला दादाच्या खोलीची चावी दिली ती पुस्तकं परत करण्यासाठी. दादाला जाऊन सतरा दिवस झाले होते आणि ग्रंथालयातल्या बाईंचा दुसऱ्यांदा निरोप आला होता.

"धाकट्या, दोनच पुस्तकं आहेत. घेऊन ये आणि कुलूप लाव," मालक म्हणाले. मग चष्मा पुसत, रोज म्हणतात तेच पुन्हा म्हणाले. "खोलीत शेगडी होती की रे. मग हा बाबा तसल्या पावसात घरी निघालाच कशाला?"

उत्तर मला माहीत होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

दादा लाकडाच्या वखारीचा राखणदार, मी तिथेच करवतीवर. त्याची खोली फळ्यांच्या थप्प्यांमागे. एक खिडकी, एक टेबल आणि लोखंडी शेगडी. दुपारच्या सुट्टीत तो मला वाचून दाखवायचा. मी पाचवीतच मास्तरांच्या अंगावर पाटी भिरकावून शाळा सोडलेली, त्यामुळे माझं आणि अक्षरांचं कधी जमलं नाही. दादाची पुस्तकं ठरलेली. दूर सरहद्दीवरचा डोंगराळ, ओसाड मुलूख, मैलोन्‌मैल शेजारी नाही, हिवाळ्यात खिंडी बंद. एक कादंबरी आणि त्याच मुलखाचा इतिहास, दोन्ही एकदम आणायचा.

"कादंबरीत हा गडी खिंड ओलांडतो," तो म्हणायचा, "आणि इतिहासात त्या साली कुणीच ओलांडली नाही. बोल, कुणाचं खरं धरायचं?"

"जो जगतो त्याचं."

"गाढव आहेस," म्हणून हसायचा.

त्या मुलखातली एक रीत त्याच्या मनात बसली होती. खिंडीतल्या झोपडीतून निघणाऱ्याने शेगडीत सुकी लाकडं रचून ठेवायची आणि काडेपेटीतली एक काडी अर्धी बाहेर काढून ठेवायची. मागून येणाऱ्याची बोटं गारठलेली असतात, त्याला पेटी उघडता येत नाही. इतिहासात लिहिलं होतं की एकदा एकजण घाईत तसाच निघून गेला. त्याच्या मागून आलेला माणूस बर्फ वितळल्यावर झोपडीच्या दारात सापडला.

तेव्हापासून दादा खोलीबाहेर पाऊल टाकायच्या आधी शेगडी रचायचा. काडी अर्धी बाहेर.

"इथे कोण येणार आहे? मांजर?" मी विचारायचो.

"येईल कुणीतरी."

त्या दिवशी कादंबरीची दहा पानं उरली होती. तो गडी वादळातून झोपडीकडे निघालेला, आणि दादाने पुस्तक मिटलं. "शेवट तू वाचायचास. मोठ्याने. चुकलास की मी पेन्सिल वाजवणार."

दोन ओळींत तीनदा पेन्सिल वाजली. टक, टक. खिडकीतून करवतीवरचे दोघं खिदळले. माझं डोकंच फिरलं.

"खड्ड्यात गेली तुझी पुस्तकं!"

संध्याकाळी पाऊस आला. दादा नव्या फळ्यांवर ताडपत्री बांधायला बाहेर गेला. मी त्याच्या खोलीत शिरलो, शेगडीतली सगळी लाकडं आणि कोपऱ्यातल्या ढलप्या बाहेर चिखलात फेकल्या, काडेपेटी खिशात घातली आणि घरी आलो. बसू दे कुडकुडत, म्हटलं.

तो सकाळी सापडला. आमच्या दारापासून दोनशे पावलांवर, ओढ्यावरच्या फळीपाशी. पाय घसरून पाण्यात पडला असावा, कसाबसा वर आला असावा, आणि तिथेच बसून राहिला. बोटं अशी वळली होती की आईला ती सरळ करता येईनात.

सगळे पांगल्यावर मी खिशात हात घातला, तर काडेपेटी. तिचा कोपरा मी रात्री रागारागात चावून चपटा केला होता. मी ती ओढ्यात फेकली. वळणापर्यंत वाहत गेलेली पाहिली.

तर, मी कुलूप उघडलं. खोलीत ओल्या भुशाचा वास कोंडला होता. शेगडी मी सोडली होती तशीच, रिकामी. तिच्यासमोर जमिनीवर ओल होती. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. छत गळत असेल, म्हणून वर पाहिलं. छत कोरडं होतं.

पुस्तकं उचलून निघणार होतो. कादंबरीत खुणेला पेन्सिल होती. ती काढली आणि का कोण जाणे, बसलोच. बोट ठेवून मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्या शब्दाला अडखळलो.

टक. टक.

पेन्सिल माझ्या हातात होती.

मी पळालो नाही. शब्द पुन्हा वाचला, बरोबर. पुढे गेलो. चुकलो की टक, टक. खिडकीतला उजेड उतरत गेला. दहा पानांना संध्याकाळ झाली. कादंबरीतला गडी पोचला. शेगडी रचलेली होती, काडी अर्धी बाहेर होती. शेवटची ओळ मला डोळ्यांतल्या पाण्याने दिसेना. टक, टक. वाचली. सकाळी निघताना त्यानेही मागून येणाऱ्यासाठी लाकडं रचली.

"दादा," मी म्हणालो. "मला वाटलं... दोन शिव्या देशील... एवढंच वाटलं रे मला..."

पेन्सिल वाजली नाही.

मी कोरड्या ढलप्या आणल्या, शेगडी रचली, मालकांची नवी काडेपेटी खिडकीत ठेवली. काडी अर्धी बाहेर. कुलूप लावलं, चावी खिशातच ठेवली, पुस्तकं देऊन आलो.

सकाळी पाहिलं तर लाकडं तशीच. काडी मात्र जमिनीवर, भिजलेली. गुल झिजून लगदा झालेला, पेटलेली नाही. नवी काडी काढून ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. बोटं सरळ होत नसलेल्या माणसाने घासून घासून टाकून द्यावी तशी.

चौथ्या संध्याकाळी मीच शेगडी पेटवली. चांगली धगधगू दिली आणि दार नुसतं लोटून घरी आलो. आईने विचारलं, "हाताला धुराचा वास कसला रे?" मी हात धुऊन अंथरुणावर पडलो. सतरा नि चार दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

सकाळी शेगडीत राख होती. जमिनीवरची ओल सुकली होती. त्याला ऊब मिळाली, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मी लहान पोरासारखा रडलो.

मग नीट पाहिलं. राखेवर नवी लाकडं रचलेली होती. आडवी-उभी, दादा रचायचा तशी. म्हणजे तो पुढे निघाला होता, आणि मागून येणाऱ्याची सोय करून गेला होता.

खिडकीत मालकांची पेटी नव्हती. दुसरी होती. कोरडी ठणठणीत, कोपरा चावून चपटा झालेला, काडी अर्धी बाहेर.

दादाच्या मागचा मीच. ती काडी मी अजून आत ढकललेली नाही.