तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

बाबा चष्मा घरी विसरून गेले, एवढंच निमित्त झालं. रविवार होता. मी केस धुऊन उन्हात बसले होते, तेवढ्यात आई चष्मा आणि डबा घेऊन आली. "जा, देऊन ये. चष्म्याशिवाय त्यांना काट्यावरचे आकडे दिसायचे नाहीत, आणि मग दिवसभर त्या पंपावर डाफरत बसतील."

ही गोष्ट संपेपर्यंत दिवा असू द्या, मालवू नका. मी हळूच सांगते, कारण बाबा पलीकडे झोपलेत आणि हल्ली त्यांची झोप फार सावध झाली आहे.

आग विझवायला जे पाणी लागतं, ते इमारतीभर खेळवणारे पंप बाबा बसवतात. जुने, थकलेले पंप काढायचे आणि नवे लावायचे. ती इमारत म्हणजे पूर्वीचा कपडे शिवायचा कारखाना. आता खाली दुकानं आणि वर ऑफिसं झाली होती. रविवारमुळे सगळी शटरं ओढलेली. फाटकाशी मॅनेजर खुर्ची टाकून बसले होते. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. मी नुसता डबा वर करून दाखवला. त्यांनी मानेनेच तळघराचा जिना दाखवला.

खाली उतरले तसा उजेड मागे राहत गेला. गंजाचा, तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास येत होता. काढलेला जुना पंप भिंतीशी फळ्यांवर आडवा पडला होता. त्याचं पाण्याचं तोंड उघडंच होतं, आणि त्या तोंडात बघू नये असं मला उगाचच वाटलं. त्याच्या जागी लालभडक नवा पंप बसला होता. शेजारी एक छोटासा पंप, आणि भिंतीवर दाब दाखवणारा काटा असलेलं पॅनेल.

"आलीस? आता बघ गंमत," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "ही धाकटी. नळात दाब जरा कमी झाला की कुरकुरते आणि भरून काढते. आणि ही थोरली. वर कोणी खरंच पाणी उघडलं, दाब धाडकन उतरला, की हिचं तोंड सुटतं. एकदा सुटलं की आपणहून थांबत नाही, हाताने थांबवावं लागतं."

"मोठ्या आत्यासारखं," मी म्हणाले.

बाबा खो खो हसले. "तिच्यासमोर बोलू नकोस हं!"

पॅनेलवर एक काळी मूठ होती. डावीकडे बंद, उजवीकडे स्वयंचलित. मूठ उजवीकडे असली तरच थोरली आपणहून सुरू होते. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हिला हात लावायचा नाही."

त्यांचा मदतनीस तापाने घरी पडला होता, म्हणून चाचणीला मीच खाली थांबले. तळघरात फोन लागत नाही. अशा ठिकाणी पंपवाले पाण्याच्या उभ्या नळावर पाना आपटून बोलतात. एक ठोका म्हणजे पाणी हवं. दोन ठोके म्हणजे पुरे. बाबा पाणी सोडून बघायला गच्चीवर गेले. थोड्या वेळाने नळ घुमला. टण्. लगेच काटा घसरला, धाकटी कुरकुरली आणि थोरली अशी गरजली की माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. मग टण्, टण्. मी बाबांनी दाखवलेलं लाल बटण दाबलं. सगळं शांत झालं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बाबा खाली आले, हात धुतले आणि डबा उघडला. पहिला घास तोंडाशी नेला, तोच काटा पुन्हा घसरला.

धाकटी कुरकुरली. थोरली गरजली.

बाबांनी घास डब्यात परत ठेवला. वर कोणीच नव्हतं. जिन्यावरून मॅनेजर वाकून ओरडले, "मिस्त्री, आता काय हो?"

"बघतो, साहेब. कुठेतरी गळत असेल." बाबांनी बटण दाबून पंप थांबवला.

"मग मूठ बंदवर टाकून द्या ना! उद्या भाडेकरू माझं डोकं खातील."

"ती बंद राहणार नाही."

"जुन्या पंपाची तर बंद करून ठेवली होती म्हणे!"

मॅनेजर पुटपुटत निघून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज विरला, आणि नळावर ठोका पडला.

टण्.

तो स्पष्ट आणि सावकाश होता, माणसाने मोजून मारावा तसा. नळातून येऊन तो माझ्या पाठीतून गेल्यासारखा वाटला.

"बाबा... वर कोण आहे?"

बाबांचा चेहरा सिमेंटच्या रंगाचा झाला होता. त्यांनी नळाला हात लावून बघितला. मग खालच्या आवाजात, माझ्याशी नाही तर त्या जुन्या पंपाशी बोलल्यासारखे बोलले.

"पैलवान म्हणायचे त्याला. अंगाने काडी, म्हणून पैलवान. इथली देखभाल तो बघायचा आणि पंप मी. लाइन कुठेतरी गळत होती, तेव्हाची थोरली सारखी सुटायची. शिलाईवाले वैतागले. मी मूठ बंदवर टाकली... म्हटलं, उद्या येऊन गळती काढतो. त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावर कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. बाकी सगळे उतरले. हा पाइप घेऊन आत गेला, आणि..." ते थांबले. "खाली उतरलेल्यांनी ठोके ऐकले होते. एक-एक ठोका. कितीतरी वेळ. त्यांना वाटलं, मिस्त्री आलेत, पंप चालू करतायत."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग उघडलं, पुन्हा लावलं.

बाबा उठले. "तिसरा मजला तेव्हापासून कुलूपबंद आहे. साहेबांकडून किल्ली घेऊन बघून येतो. तू इथेच थांब. आणि हे बघ, काहीही होवो, मूठ हलवायची नाही. लाल बटणालाही हात लावायचा नाही. कळलं?"

मी मान हलवली.

ते गेल्यावर तळघर मोठं झाल्यासारखं वाटलं. वरचा दिवा बारीक गुणगुणत होता. नळाकडे पाठ करायची नाही म्हणून मी भिंतीशी उभी राहिले, पण तिकडे तो जुना पंप होता. म्हणून मधोमध उभी राहिले. कुठूनतरी वास यायला लागला... इस्त्रीखाली कापड विसरल्यावर येतो तसा.

टण्.

काटा पडला. थोरली सुरू झाली, आणि या वेळी तिच्या आवाजात थांबायचा विचारच नव्हता. फरशी थरथरत होती. डब्यातले चमचे वाजत होते. त्या गदारोळातही ठोका वेगळा ऐकू येत होता. टण्. टण्... दोन्हींमध्ये मोठं अंतर. म्हणजे ते 'पुरे' नव्हतं. एक, आणि पुन्हा एक.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी मॅनेजर दिसले. पँट गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, चेहरा लाल. "ए मुली! बंद कर ते! पाणी जिन्यात आलंय, सगळ्या नव्या फरश्यांची वाट लागली!"

मला म्हणायचं होतं, बाबांनी नाही सांगितलंय. हे तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते. पण मोठं माणूस ओरडलं की माझ्याने उलट बोलवतच नाही.

"बहिरी आहेस का? बंद कर!"

मी मूठ डावीकडे फिरवली.

आवाज बसत बसत गेला. मॅनेजर "शाब्बास" म्हणून वळले. ते शाब्बास मला अजून ऐकू येतं.

मग ठोके सुरू झाले. आता सावकाश नव्हते. एकामागून एक, घाईने, नळ फोडून काढायचा असल्यासारखे. माझ्या डोक्यात एकच विचार होता, हे बाबा आहेत की तो? आणि बाबा असतील तर...? मूठ माझ्या हाताच्या अंतरावर होती. मला हात उचलता येईना. आता चालू केला तर साहेब पुन्हा ओरडतील, एवढीच भीती वाटत होती. माझं खरंखुरं कारण एवढंच होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

ठोके मंदावले. एक... बऱ्याच वेळाने एक... मग असा एक, की पाना हातातून सुटून नुसता नळाला लागला असावा.

तेव्हा मी मूठ उजवीकडे फिरवली. थोरली गरजली. मी दोन्ही हातांनी मूठ धरून ठेवली, कोणी येऊन काढून घेईल अशा भीतीने. नंतर एकही ठोका आला नाही.

बाबा उतरले ते केसांपासून ओले होते. गालावर काजळीचा पट्टा होता. ते जुन्या पंपावरच बसले.

"आत शिरलो आणि दार मागे लागलं," ते म्हणाले. "आग कुठेच नव्हती. धूर मात्र... डोळे उघडेनात. हाताला पाइप लागला. आधीच उलगडलेला होता, पाणी चालू होतं. मी तो धरला, आणि पाणी गेलं."

मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

"मी पान्याने ठोकत होतो. शेवटी हातातून पाना सुटला. मग पाणी आलं, धूर जरा हटला, दार सापडलं." त्यांनी तळहात बघितले. "एवढ्या दाबाचा पाइप एका माणसाला आवरत नाही, पोरी. दोघं लागतात. मला जड गेलाच नाही. मागून कोणीतरी धरला होता."

त्यांनी ओला चष्मा काढून पुसला.

"पाणी मधेच का गेलं गं?"

"साहेब ओरडले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पण बाबांना आला असावा. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि, आरशात बघावं लागलं की माणूस वळवतो तशी, पटकन नजर वळवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी मूठ उजवीकडेच ठेवून तिला छोटं कुलूप घातलं. पंप मात्र चालूच ठेवला. मी डबा उचलला आणि आम्ही जिना चढायला लागलो. वरून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी झिरपत येत होतं. मॅनेजर दाराशी झाडू घेऊन उभे होते.

"मिस्त्री, आता तरी थांबवा! टाकी रिकामी होईल!"

बाबा मधेच थांबले. त्यांनी वाकून पायरीवरच्या पाण्यात हात ठेवला. मग माझा हात धरून तिथे टेकवला. मी चटकन मागे घेतला.

जमिनीखालच्या टाकीतलं गार पाणी ते. पण चहाचा कप धरवत नाही, इतकं गरम होतं. त्याहून वरच्या पायरीवरच्या पाण्यातून वाफ निघत होती.

"अजून विझलेलं नाही," बाबा म्हणाले.

"काय विझलेलं नाही?" मॅनेजर हसले.

मी मूठ फिरवली नसती तर एव्हाना विझलं असतं का, असं मला त्यांना विचारायचं होतं. पण ते पायरीवर बसले होते, आणि त्यांचा हात त्या पाण्यातच होता. ते तो काढत नव्हते.