शेवटचं पान

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्याला आग लागली, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती एकच काम करत होती: त्या आगीत गेलेल्या एकेचाळीस मध्ययुगीन हस्तलिखितांचा माग काढणं. कुठे जुनं छायाचित्र मिळायचं, कुठे एखाद्या अभ्यासकानं वहीत उतरवून घेतलेला उतारा. जे हाती लागेल ते यादीत जायचं. सहकारी चेष्टा करायचे, "बाई राखेत सुई शोधतात." तीही हसायची. हे काम तिला सरांनी सांगितलं होतं, आणि सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सर म्हणजे तेव्हाचे ग्रंथपाल. तिचे वडील गेल्यावर त्यांनीच तिला शेजारी बसवून जुनी अक्षरं वाचायला शिकवली होती. आगीचं खापर मात्र ग्रंथालयात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरवर फुटलं. सरस वितळवायची शेगडी तो चालू ठेवून गेला, असं अहवालात आलं. तो स्वतः त्याच आगीत गेला, त्यामुळे उलट बोलायला कुणी उरलं नव्हतं. अहवालाखाली साक्षीदार म्हणून तिची सही होती. "कर सही," सर म्हणाले होते. "शेगडी चालू होती. मी पाहिलंय." तिनं केली.

या वर्षी परगावच्या एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. तुमचं एक पान माझ्याकडे आहे, घेऊन गेलात तर उपकार होतील.

डॉक्टरांनी ते फ्रिजमधून काढलं. दुधाच्या भांड्याशेजारी एका झाकणाच्या डब्यात ते सपाट ठेवलेलं होतं. वरची कड करपलेली, खालच्या दहा ओळी स्वच्छ, शाई काल सुकल्यासारखी काळी. तळाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं घातलेला हस्तलिखिताचा क्रमांक होता. सतरा. अक्षर तिचंच होतं.

"आगीतून वाचलं हे?" तिनं विचारलं.

"छे हो. आगीच्या चार महिने आधी घेतलंय मी. तुमच्या ग्रंथपालांकडूनच. तेव्हा अख्खं हस्तलिखित होतं."

"मग बाकीची पानं?"

डॉक्टर डब्याचं झाकण उगाच उघडत-लावत राहिले. "संपली," ते म्हणाले. "गारव्यात जरा सावकाश संपतात, एवढंच."

सरांचं नाव ऐकल्यावर पुढचं तिच्या डोक्यात शिरलंच नाही.

पान तिनं आपल्या कामाच्या टेबलावर, काचेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओळी नऊ होत्या. जुन्या शाईतलं आम्ल कागद खातं, हे तिला ठाऊक होतं. दमटपणा तपासला, कीड तपासली, सगळं नोंदवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आठ ओळी. राख नाही, चुरा नाही, काही नाही. मग भर दुपारी ती पट्टी घेऊन समोर बसली. तासभर काहीच हललं नाही. ती पाणी प्यायला दारापर्यंत गेली आणि परत आली, तर सात ओळी. काचेला हात लावला तर ती गरम होती. शेजारचा तापमापक मात्र खोलीचंच तापमान दाखवत होता.

ती तडक सरांच्या घरी गेली. ते खिडकीपाशी वाचत बसले होते.

"सर, सतरावं मिळालं."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "किती उरलंय?"

कुठे मिळालं, हे त्यांनी विचारलंच नाही. तेवढं तिला पुरे होतं.

"सगळी विकलीत?"

"खोक्यांत कोरे कागद भरून ठेवले होते. मग तपासणी येणार असं कळलं, आणि..." ते थांबले. "कुणाला इजा व्हायची नव्हती, पोरी. सगळे खाली अंगणात होते. तो वर का गेला, ते तूच सांग."

ते तिला सांगावं लागणार नव्हतं. अंगणातून तीच ओरडली होती, "दादा, हस्तलिखितं वर आहेत!" बाइंडरनं अंगातला अ‍ॅप्रन पिंपात बुडवला, डोक्यावर घेतला आणि जिना चढला. कोऱ्या कागदांसाठी. आणि सर तिच्या शेजारी उभे होते. त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. अकरा वर्षं तिला वाटत आलं होतं, की तो हात आधाराचा होता.

"एक शब्द बोलला असतात, सर."

"आणि मग? तू मला सर म्हणाली असतीस?"

ती उठली. निघताना वाकून नमस्कार करायची तिची सवय होती. त्या दिवशी तिनं चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.

जुनी साक्ष मागे घेत असल्याचा जबाब तिनं लिहून काढला. अनेकदा फाडला, पुन्हा लिहिला. आठवडा गेला. ज्या दिवशी तो विश्वस्तांना धाडला, त्या दिवशी सकाळी काचेखाली काहीच नव्हतं. पेन्सिलीचा आकडासुद्धा नव्हता. काच थंडगार होती.

जबाबाची एक प्रत घेऊन त्याच दिवशी ती बाइंडरच्या घरी गेली. इतक्या वर्षांत तिचं तिकडे जायचं धाडस झालं नव्हतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"या ना. किती वर्षांनी."

"वहिनी, हे वाचा. दादांचा काहीच दोष नव्हता. सही करून मी चुकले."

वहिनींनी कागद न उघडता बाजूला ठेवला. "माहीत आहे. हे म्हणाले ना."

"कधी?"

"सकाळीच. शेवटचं पान बाहेर काढलं, म्हणाले. तेव्हा कुठे घरी आले." वहिनींचा आवाज थकलेला होता, पण समाधानी. "बसा तुम्ही. हात धुतायत. काजळी लवकर निघत नाही."

आत नळाचं पाणी वाहत होतं. वहिनींनी टेबलावर तीन कप मांडले.

नळ बंद झाला.