पायगुण आणि ढेकूण

सांगलीतल्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसले होते. साखरपुडा होऊन आठवडाच झाला होता आणि दोन्ही हातांवर गांधी उठल्या होत्या. सासरी कळलं तर लग्न मोडेल, म्हणून आईने मला आमच्या विट्यात न दाखवता इतक्या लांब पाठवलं होतं.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन बसलं. बघते तर – शिवतेज, माझा होणारा नवरा! कुपवाडला नोकरी करतो. आत्तापर्यंत आम्ही जेमतेम चार शब्द बोललो होतो, तरी त्याने मला डोळ्यांवरून ओळखलं.

"वल्लरी... तुमी हितं?"

"तुमी कसे काय?"

त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत ओळीने लाल गांधी.

"आत्या म्हणती, पोरीचा पायगुण," तो खाली बघत म्हणाला. "सोयरीक मोडायचं चाललंय तिचं. म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारावं."

मीही बाही वर केली. तो बघतच राहिला...

"लय खाजतंय?" त्याने इतक्या हळू विचारलं, की मी खाजवायचंच विसरले.

आम्ही दोघं एकदमच आत गेलो. डॉक्टरांनी आमचे हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "दोघं कुठे मुक्कामाला होतात?"

साखरपुड्याच्या दिवशी वळवाचा पाऊस झोडपत होता. पाहुणे आमच्याकडेच राहिले आणि दोन्हीकडची माणसं मांडववाल्याच्या भाड्याच्या गाद्यांवर झोपली.

"ढेकूण," हे सांगताच डॉक्टर हसले. "सामानातून घरीही आले असतील. अंथरूण, कपडे गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात टाका. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

बाहेर येताच शिवतेजने फोन लावला, तोही स्पीकरवर.

"आवं आत्या, ढेकणं चावल्यात. वल्लरीच्याबी हातावर उठलंय. पायगुणच काढायचा तर माझाबी काढा की."

पलीकडून आधी "ढेकणं व्हय!" एवढंच ऐकू आलं.

"लय तरास हाय का रं तिला?" आत्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "औषध घिऊन दे पोरीला. आनि... तिच्या आईला सांग, तारीख ठरवायला येतो म्हणावं."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "साखरपुड्याला आईच्या शब्दावर हो म्हटलं होतं. आता माझं मीच विचारतो – आवडतो का मी तुला?"

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "आवडतोस," मी म्हणाले, आणि लाजायचं राहूनच गेलं.