भट्टीचा खाऊ

सू-यिनच्या तोंडात घास होता आणि समोर एक अनोळखी मुलगा उभा होता.

बाहेर सिंचू शहराचं नेहमीचं वारं सुटलेलं, पावसाची बुरबुर आडवी मारणारं. मुलाच्या केसांतून पाणी निथळत होतं, मोजेसुद्धा भिजले असावेत. पण त्याचं लक्ष होतं तिच्या हातातल्या हिरव्या पाकिटाकडे.

"हे... भट्टीवरचं आहे?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग होकारार्थी. काय करणार, पाकिटावर मार्करनं 'भट्टी क्रमांक दोन, शहाण्यासारखी वाग' असं ठळक लिहिलेलं होतं.

"तुम्ही चक्क भट्टीचा खाऊ खाल्लात?"

"सकाळपासून पोटात काही नव्हतं," ती घास गिळत म्हणाली. "निदान पॅसेजमध्ये येऊन खाल्ला. आणि हळू बोल ना!"

सिंचूतल्या यंत्रांच्या डोक्यावर, ती नीट चालावीत म्हणून, नारळाच्या चवीच्या खाऊचं हे पाकीट असतंच. हिरवंच लागतं, पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, लाल ठेवलं तर बंदच पडतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि त्यातलं खायचं तर मुळीच नाही. दिवसभर अणूंशी झटणारी माणसंसुद्धा या बाबतीत हूं की चूं करत नाहीत.

"मी रन-हाओ. पलीकडच्या इमारतीतला, लेझरवाला. नमुना न्यायला आलोय." त्यानं ओठ दाबून हसू आवरलं. "आणि मी काहीही पाहिलेलं नाही, ताई."

"ताई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? भट्टीचोर?"

तिला हसता हसता ठसका लागला. त्यानं घाईघाईनं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

पाकीट बदलायची सोय नव्हती, कारण त्यावरचं अक्षर प्रयोगशाळेतल्या फंगताईंचं होतं आणि सगळ्या भट्ट्यांची व्यवस्थाही त्यांच्याचकडे. सू-यिननं आत टिश्यू कोंबले, तोंडाला पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि ते फुगलेलं सोंग परत भट्टीवर बसवलं.

सू-यिनचं काम मोठं नाजूक. चिमूटभर मॉलिब्डेनम धातूच्या ऑक्साइडची पांढरी भुकटी, थोडं पिवळं गंधक. काचेच्या नळीत तापवलं, की वाफा चकतीवर उतरतात आणि तीन अणूंइतका पातळ पापुद्रा धरतो. उद्याच्या चिपा त्यातूनच बनतील, अशी सगळ्यांची आशा. पापुद्रा एकेरी असला, तर रन-हाओच्या लेझरखाली लाल उजळतो. थरावर थर साचले, की मंदावतो.

सू-यिनचे थर साचतच राहिले. आणि नवा नमुना न्यायला रन-हाओ येतच राहिला.

"पुन्हा मंद?"

"अगदी झोपाळू. तुझ्यावर गेलाय." तो खिशातून गरम बन काढायचा. "आधी खा. नाहीतर आता तीन नंबरच्या भट्टीच्या खाऊचीही खैर नाही."

तो आला, की खिडकीतला पाऊससुद्धा जरा कमी तिरका वाटायचा...

मग एका सकाळी फंगताईंनी तारीख बघायला पाकीट उचललं. ते फारच हलकं लागलं. चिकटपट्टी निघाली, टिश्यू बाहेर आले. 

"कुणी केलं हे?"

सू-यिन तोंड उघडेपर्यंत नमुन्याची डबी घेऊन दारात उभा असलेला रन-हाओ म्हणाला, "मी. भूक लागली होती."

"बाहेरच्याला घरात घेतलं, तर त्यानं नैवेद्यच उष्टावला!" फंगताई कडाडल्या. "या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. नमुने आम्ही पोचते करू."

नवं पाकीट आलं. योगायोग म्हणा, नाहीतर भट्टीचा राग गेला म्हणा, पण पुढच्याच खेपेला चकतीवर नीटस, एकेरी त्रिकोण उमटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेझरवाल्यांचा निरोप आला, 'उत्तम चमक.' वर्षभर याच दोन शब्दांसाठी सू-यिननं जीव टाकला होता. आता ते ऐकताना ती दाराकडे बघत राहिली... आणि दारात कुणीच नव्हतं.

ती तशीच पावसातून पलीकडच्या इमारतीत गेली. रन-हाओ भिंग पुसत बसला होता.

"आभार मानायला काय आणू कळेना," ती म्हणाली, "म्हणून हे." तिनं स्वतः विकत घेतलेलं हिरवं पाकीट पुढे केलं.

तो चटकन मागे सरकला. "नारळ चालत नाही मला. ओठ सुजतात."

"मग 'मी खाल्लं' म्हणालास ते..."

"नारळ चालतो का, ते कुणी विचारलंच नाही."

"का केलंस रे असं?"

त्याचे कान लाल झाले. "तुझा सगळा प्रबंध त्या भट्टीवर. माझं काय, एक खोलीच तर गेली."

"एक खोलीच?"

तो भिंग पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

तिनं त्याची बाही धरली. "चल."

भट्टीच्या खोलीत तिनं एका दमात सांगून टाकलं, "फंगताई, खाऊ मी खाल्ला. यानं नाही."

फंगताईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मला कशाला सांगतेस? जिचं खाल्लंस, तिला सांग. हात जोडून. आणि सगळं सांग, अर्धवट माफी लागू होत नाही."

कामं सोडून सगळे गोळा झाले. सू-यिननं भट्टीपुढे हात जोडले.

"भट्टीबाई, मी तुझा खाऊ खाल्ला. वर टिश्यू कोंबले. आणि..."

"आणि?"

"थर साचले, की मला रडू यायला हवं होतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पण मला... बरं वाटायचं. कारण मग हा परत यायचा."

 सू-यिनला वाटलं, आपणच त्या नळीत शिरावं आणि वाफ होऊन जावं.

तेवढ्यात तिच्या शेजारी आणखी दोन हात जोडले गेले.

"भट्टीबाई," रन-हाओ म्हणाला, "नमुने न्यायला आमच्याकडे वेगळा माणूस आहे. पहिल्या दिवशी तो रजेवर होता, म्हणून मी आलो. पुढच्या खेपांना... मीच त्याला येऊ दिलं नाही."

खोलीत एकच हशा पिकला.

"ऐकलं तिनं," फंगताई म्हणाल्या. "आता जा, जेवून या दोघं. पुढची भट्टी मी लावते. आणि मुला, उद्यापासून येत जा. तुमच्या त्या माणसाला घरीच बसू दे."

बाहेर पाऊस तसाच आडवा कोसळत होता. दोघं आडोशाला उभे राहिले.

"थांबायचं का जरा?" त्यानं विचारलं.

"कशाला?" सू-यिन म्हणाली, आणि आता बाही नाही, त्याचा हात धरून ती पावसात उतरली.