अकॉर्डियनचा डावा पट्टा

अकॉर्डियनचा पट्टा भर रस्त्यात तुटला, म्हणून ती समोर दिसलेल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात शिरली. वाद्य दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं, केस कपाळावर आलेले.

"झोपलंय का बाळ?" कारागिरानं विचारलं.

"कुठलं झोपतंय... पट्टा तुटलाय त्याचा."

नाचाच्या वर्गात ती साथीला वाजवायची. त्या दिवसापासून अकॉर्डियनचं रोज काहीतरी बिनसायला लागलं. कधी पट्टी अडकायची, कधी भाता धापा टाकायचा.

"इतकं नाजूक वाद्य पाहिलं नव्हतं," तो म्हणायचा.

"आणि इतका सावकाश कारागीर मी पाहिला नव्हता," ती म्हणायची.

एकदा ती वाजवत असताना वाद्य डावीकडे कललेलं त्यानं पाहिलं. पुढच्या खेपेला पट्ट्याला आतून मऊ उशी शिवलेली होती, नेमकी डाव्या छातीशी येईल अशी.

तिचा चेहरा उतरला. घरी ताईचं रोजचंच होतं, "अगं, करून घे ना दुसरं ऑपरेशन. पूर्वीसारखं करून देतात. लग्न करायचंय की नाही?" आता यानंही तेच करावं?

"कॅन्सरमध्ये डावा स्तन गेला माझा," ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली. "नवा करून घेतला नाही. घेणारही नाही. मला मी अशीच आवडते. खालचे सूर आता थेट बरगडीत घुमतात... तुमची उशी मध्ये आली तर कसे घुमणार? उसवा ती."

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं, दुखत असेल—"

"विचारायचं होतंत."

"चुकलं माझं."

त्यानं टाके उसवले. मग डावा पट्टा थोडा आखडला. "वाजवा." अजून थोडा. "आता?" वाद्य तिच्या छातीवर सरळ उभं राहिलं, तसा तिचा कणाही ताठ झाला.

"ते बरगडीतलं... मला ऐकता येईल?" त्यानं हळूच विचारलं.

"पाठीला कान लावा. कुणालाही लावू देत नाही मी, लक्षात ठेवा."

तो मागे आला, वाकला. ती वाजवत राहिली. शर्टातून त्याचा श्वास ऊबदार लागत होता.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "वाद्याबद्दल बोलत नाहीये."

"कळतंय मला." ती गालात हसली. "गाणं संपलं."

"हो... संपलं." कान तिथंच.

तिनं भाता ताणला आणि दुसरं गाणं धरलं, मुद्दाम लांबलचक.